एका अंगाला झुकलेली जुनी ट्रॉली: घेण्याआधी काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

ट्रॉली एका अंगाला झुकलेली दिसली की बघणारा लगेच पाट्यावर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगवर, बोट ठेवतो. विकणाराही तेच सांगतो, "पाटा बसलाय, एक वाढवून टाका, सरळ उभी राहील." व्यवहार होतो, पाटा वाढतो, ट्रॉली सरळ दिसायला लागते. मग उसाची पहिली खेप भरली की पुन्हा त्याच अंगाला जाते. पाटा खराब नव्हताच. वाकलेला हँगर (पाट्याची टोकं धरणारा कंस) किंवा पिळलेलं चेसिस (खालचा सांगाडा) तसंच राहिलं आणि पैसे भलतीकडे गेले.

झुकण्याचं कारण सहा जागी असू शकतं: जमीन, टायर, हब (चाकाच्या मधला भाग) आणि एक्सल (आडवा कणा), कमानपाटे, हँगर, चेसिस. हे सगळं एकावर एक उभं आहे, त्यामुळे खालच्या थराचा दोष वर दिसतो. तपासणी म्हणून खालून वर करायची, एकेक थर निकालात काढत. दुरुस्तीचा क्रम याच्या बरोबर उलटा, वरून खाली. या दोन क्रमांची गल्लत झाली की खर्च वाढतो.

खालची पद्धत एका एक्सलच्या दोनचाकी आणि टर्न टेबलच्या (पुढची चाकं वळवणाऱ्या गोल रिंगच्या) चारचाकी अशा दोन्ही ट्रॉल्यांसाठी आहे. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. जायच्या आधीची तयारी

वेळ बघून जा. हंगाम संपल्यावर, साधारण एप्रिल-मे महिन्यात, ट्रॉली जशी आहे तशी बघायला मिळते. भेगा दिसतात, गंजाचे ओघळ दिसतात, नवं-जुनं वेल्डिंग वेगळं कळतं. दसरा जवळ आला की खंडेनवमीच्या पूजेसाठी रंग चढतो आणि त्या रंगाखाली सगळं झाकलं जातं. नव्या रंगाची ट्रॉली घेऊच नये असं नाही, पण तिला दुप्पट वेळ द्या आणि तारेचा ब्रश मारू द्याल का, हे फोनवरच विचारून घ्या. नाही म्हणाला तर पेट्रोल जाळून जाऊ नका.

सोबत न्यायचं सामान: पाच मीटरचा टेप, गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल पाईप, न ताणणारी नायलॉनची बारीक दोरी, खडू, तारेचा ब्रश, टॉर्च, छोटी हातोडी, हवेचा गेज, जॅक, चार लोखंडी घोड्या (टेकू), चाकांना लावायला चार दगड. वहीचं एक पान आणि पेन. मापं डोक्यात ठेवायला गेलात तर डावं-उजवं हमखास उलटं होतं.

दोघंजण जा. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतोच. शिवाय तुम्ही ट्रॉलीखाली असताना ट्रॅक्टरकडे लक्ष ठेवणारा कुणीतरी हवा.

सावधान: दोनचाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडलेली असेल तर मागच्या फाळक्यावर चढू नका. वजन मागे गेलं की ट्रॅक्टरला जोडायची दांडी झटक्यात वर उडते. शक्यतो ट्रॅक्टरला जोडलेली असतानाच तपासा. हायड्रॉलिकची बॉडी उचलली असेल तर लोखंडी टेकू दिल्याशिवाय खाली डोकं घालू नका, जॅक कितीही नवा असला तरी.

२. कागद आणि चेसिस नंबर

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण पहिलं करा. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते, तिचं स्वतःचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) असतं. सांगलीचं पासिंग एमएच १०, साताऱ्याचं एमएच ११, कराडचं एमएच ५०. आरसीवरचा चेसिस नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. नंबराच्या भोवती वेल्डिंगची चौकट दिसली, म्हणजे नंबराची पट्टी कापून दुसरीकडे जोडलेली दिसली, तर तिथूनच परत फिरा.

आरसीवरचं रिकामं वजन लिहून घ्या. ते पुढे वजनकाट्यावर लागणार आहे. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५ आणि बँकेचं पत्र मागा. नाव बदलायला नमुने २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. गाडी दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत न्यायची असेल तर ना-हरकतीचा नमुना २८ आधी विचारा.

३. जागा सपाट आहे याची खात्री

विकायची ट्रॉली बहुधा झाडाखाली, गोठ्याशेजारी किंवा बांधाला लागून उभी असते. काळ्या मातीत एक चाक चार बोटं रुतलेलं असलं तरी वरून कळत नाही. तिथे घेतलेलं कोणतंच माप धरू नका. ट्रॉली बाहेर काढायला लावा. वजनकाट्याचा प्लॅटफॉर्म, पेट्रोल पंपाचं काँक्रीट, गोदामाचा कोबा, यातलं काहीही चालेल.

कोबासुद्धा उताराचा असतो, पाणी जावं म्हणून तसाच करतात. म्हणून चारही चाकांच्या जागी, आणि दोनचाकी असेल तर दोन, लेव्हल पाईप लावून जमिनीचा फरक मोजा. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं. पाणी भरल्यावर दोन्ही टोकं एकत्र धरून पातळी जुळते का ते आधी बघा.

पडताळा: माप घेतल्यावर ट्रॉली त्याच जागेवर तोंड फिरवून उभी करा. आधी स्वतःच्या डाव्या अंगाला झुकलेली ट्रॉली आता स्वतःच्या उजव्या अंगाला झुकलेली दिसली तर दोष जमिनीचा. झुकाव ट्रॉलीबरोबर फिरला तर तो ट्रॉलीचा. एवढं केलं तरी निम्म्या शंका मिटतात, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

४. टायर

आधी हवा. दोन्ही बाजूंना सारखी भरा, गेज लावून. "लाथ मारून बघितली" हे माप नव्हे.

मग टायरवरचा आकडा वाचा. एका बाजूला ९.००-१६ आणि दुसऱ्या बाजूला ७.५०-१६ असला प्रकार जुन्या ट्रॉल्यांत सर्रास सापडतो. रिम तीच बसते, त्यामुळे पंक्चरच्या वेळी हाताला आला तो टायर चढवलेला असतो. आकडा सारखा असला तरी एक नवा आणि दुसरा गुळगुळीत घासलेला असेल तरी उंचीत फरक पडतो. रबर चढवलेला रिमोल्ड आणि मूळ टायर यांचंही तसंच.

टायर कसा घासलाय ते नीट बघा, कारण टायर आधीच्या मालकासारखा खोटं बोलत नाही. दोन्ही कडा घासल्या आणि मधला पट्टा शाबूत असेल तर हवा कमी ठेवून चालवलीय. मधलाच पट्टा गेला असेल तर हवा जास्त. दोन्ही चाकांच्या फक्त आतल्या कडा गेल्या असतील तर एक्सल जादा भाराने मधोमध खाली वाकलाय आणि चाकं वरून आत कलली आहेत. एकाच चाकाची एकच कड गेली असेल तर त्या बाजूचा एक्सलचा टोकाचा दांडा वाकलाय किंवा सगळा एक्सलच तिरका बसलाय. एक्सलचे दोष महाग असतात, म्हणून ही नोंद वहीत ठळक करा.

रिमच्या नटांच्या भोकांभोवती गंजाचे तांबडे ओघळ दिसले तर ते चाक ढिल्या नटांवर चाललंय. भोकं लांबट झाली असतील तर रिम भंगारात जाणार असं धरूनच दर बोला.

५. तीन मापं

हा सगळ्या तपासणीचा गाभा आहे, इथे घाई नको. प्रत्येक चाकापाशी दोन मापं घ्यायची आणि तिसरं वजाबाकीने काढायचं.

अ: जमिनीपासून चेसिसच्या मुख्य चॅनेलच्या (लांबीच्या बाजूच्या लोखंडी तुळईच्या) खालच्या कडेपर्यंत, एक्सलच्या बरोबर रेषेत.
ब: जमिनीपासून हबच्या मध्यापर्यंत.
क: अ मधून ब वजा.

क थेट मोजू नका. चेसिस चाकांच्या आत असतं, त्यामुळे हबपासून चॅनेलपर्यंत टेप धरला की तो तिरका जातो आणि माप वाढून येतं. ही चूक फार होते.

एक उदाहरण घ्या. डावीकडे अ ६६५ मिलिमीटर, ब ४३०. उजवीकडे अ ६३०, ब ४२५. म्हणजे क डावीकडे २३५ आणि उजवीकडे २०५. चेसिसमध्ये ३५ मिलिमीटरचा फरक दिसतोय, त्यातला फक्त ५ टायरचा. उरलेला ३० हबच्या वर, म्हणजे पाटा, हँगर किंवा एक्सलची बैठक यांत कुठेतरी. चाकांमधलं अंतर आणि चॅनेलमधलं अंतर सारखं नसल्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे, पण आपण ३० शोधतोय, ३ नव्हे.

फक्त ब मध्ये फरक आला आणि क सारखा निघाला, तर टायर बदलून काम भागतं. अशी ट्रॉली खुशाल घ्या, दर मात्र झुकलेल्या ट्रॉलीचाच द्या.

चेसिसवरचा फरक वर जाता जाता वाढतो. चॅनेल जवळजवळ असतात आणि बॉडी रुंद, त्यामुळे चेसिसवर ३० दिसणारा फरक फाळक्याच्या कडेला दुप्पट होऊ शकतो. लोक फाळक्याकडे बघून घाबरतात किंवा फाळका ठोकून सरळ करून घेतात. दोन्ही व्यर्थ. माप चेसिसवरच घ्या. चेसिस लेव्हलमध्ये असून बॉडी तेवढी तिरकी असेल तर आडव्या पट्ट्या किंवा बॉडीखालचे टेकू दबलेत. ते काम सोपं आहे.

चारचाकीत दांडी सरळ ठेवून चारही कोपरे मोजा. मागचा डावा पाटा बसला की पुढचा उजवा कोपरा उचललेला दिसतो, आणि मिस्त्री पुढच्या पाट्यांवर काम सुरू करतो. समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांकडे एकत्र बघायची सवय लावा. त्यानंतर दांडी पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुढचा भाग पुन्हा मोजा. वळवल्यावर झुकाव बदलला तर टर्न टेबलची रिंग एका बाजूने झिजलीय.

६. हब आणि एक्सल

एक चाक जॅकवर घ्या, बाकीच्या चाकांना दगड, चेसिसखाली घोडी. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग ढिलं किंवा गेलेलं. हाताने फिरवा आणि कान द्या, करकर आली तर गेलंच. फिरवताना रिमच्या कडेजवळ एक वीट उभी ठेवा. वीट आणि रिममधली फट कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलीय किंवा हब वाकडा फिरतोय. चाकं अदलाबदल करून बघितलं की दोहोंपैकी काय ते कळतं.

हबचं टोपण काढायला सांगा. ग्रीस काळं-निळं जळालेलं आणि जळका वास असेल तर हब तापून चाललाय. ग्रीसमध्ये बारीक माती किंवा दुधाळ पाणी दिसलं तर वेगळी चौकशी करा. कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांत २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी वाहनं पाण्यात उभी होती. पुरात बुडालेली ट्रॉली बाहेरून धुऊन रंगवता येते, पण बंद चौकटीच्या चॅनेलमध्ये शिरलेला गाळ आतच राहतो आणि लोखंड आतून खातो. अशा चॅनेलवर हातोडीने टकटक करत जा. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे आत गाळ किंवा गंज भरलाय.

आता एक्सल तिरका आहे का ते बघा. दोनचाकीत दांडीच्या पिनच्या भोकाच्या मध्यापासून डाव्या हबच्या मध्यापर्यंत आणि उजव्या हबच्या मध्यापर्यंत टेप धरा. दोन्ही मापं सारखी हवीत. पाच-सहा मिलिमीटरचा फरक मी सोडून देईन. पंधरा-वीसवर गेला तर एक्सल सरकलाय आणि ट्रॉली रस्त्यावर तिरकी चालत असणार. चारचाकीत दांडी सरळ ठेवून डाव्या बाजूच्या दोन हबमधलं आणि उजव्या बाजूच्या दोन हबमधलं अंतर जुळवा.

पडताळा: ओल्या किंवा धुळीच्या सपाट जागेवर ट्रॅक्टर नाकासमोर सरळ पंचवीस-तीस मीटर चालवा. ट्रॉलीच्या चाकांचे ठसे ट्रॅक्टरच्या ठशांपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर पडायला हवेत. एका बाजूला जास्त बाहेर पडले तर टेपने सांगितलेलं खरं आहे.

एक्सलला मध्ये जोड मारलेला दिसला, किंवा टोकाचा दांडा कापून पुन्हा वेल्ड केलेला दिसला, तर त्या एक्सलचं आयुष्य संपलं असं समजा. उसाची भरलेली ट्रॉली चालत्या रस्त्यावर एक्सल मोडून बसली की काय होतं, ते कारखान्याच्या वाटेवरच्या प्रत्येकाने बघितलंय.

७. पाटे, यू बोल्ट आणि हँगर

दोन्ही बाजूंचे पाटे मोजा. संख्या, जाडी, रुंदी. डावीकडे नऊ आणि उजवीकडे दहा निघाले तर कुणीतरी आधीच झुकाव झाकलाय. एका बाजूचे पाटे नवे आणि एका बाजूचे जुने असतील तरी तेच. पाटे जोडीनेच बदलायचे असतात. एकाच बाजूला नवे टाकले की नवी बाजू उंच राहते.

मग यू बोल्टकडे, म्हणजे पाटा एक्सलला आवळणाऱ्या बोल्टकडे, बघा. नटाच्या बाहेर किती आटे उरलेत ते दोन्ही बाजूंना मोजा. एका बाजूला बोटभर आटे बाहेर आणि दुसरीकडे जेमतेम दोन, तर तिथे पाटा आणि एक्सलच्या मध्ये पॅकिंगची पट्टी असणार. टॉर्च मारली की दिसते. कधी लोखंडी प्लेट, कधी चक्क बाभळीचा तुकडा. आखूड पायाला जाड चप्पल घालण्यातला हा प्रकार: उभं राहताना सरळ दिसतं, चालताना लंगडतं. पॅकिंग दिसलं की मनातल्या मनात ते काढा आणि त्याची जाडी झुकावाच्या मापात मिळवा. खरा झुकाव तेवढा आहे.

कमान मोजायची पद्धत अशी. मुख्य पाट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणा आणि मधोमध दोरी ते पाटा हे अंतर मोजा. दोन्ही बाजूंना कमान सारखी आली आणि तरी चेसिस एका बाजूला खाली असेल तर पाट्याला दोष देऊ नका. हँगर वाकलाय, शॅकल (पाट्याच्या टोकाची हलती कडी) उलटलाय किंवा बुश (पिनभोवतीची नळी) आणि पिन झिजून भोक लांबट झालंय. एका बाजूची कमान कमी आली तर मात्र पाटा बसलाय किंवा मोडलाय. मोडलेला पाटा शोधायचा तर सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) आसपास आणि यू बोल्टच्या कडेला बघा, बहुतेक तिथेच तडा जातो. तारेच्या ब्रशने चिखल काढल्याशिवाय दिसत नाही.

सेंटर बोल्ट तुटलाय का हे वेगळं तपासा. तो तुटला की एक्सल पाट्यावर मागे-पुढे सरकतो. एक्सलच्या बैठकीपाशी ताजी, चकचकीत घासलेली पट्टी दिसते. मागच्या टप्प्यात एक्सल तिरका निघाला असेल तर कारण बहुधा इथेच सापडतं, आणि ही दुरुस्ती स्वस्त आहे.

सावधान: पाट्यावर वेल्डिंगचा एक ठिपका जरी दिसला तरी तो पाटा बाद. पाट्याचं पोलाद उष्णतेने कमावलेलं असतं. वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या शेजारी ते ठिसूळ होतं आणि भाराखाली तिथेच मोडतं. "आमच्या मिस्त्रीने पक्कं केलंय" हे उत्तर इथे चालत नाही.

८. चेसिस पिळलंय का

दोन दोऱ्या घ्या. चेसिसच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत एक, उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये दुसरी. चारही टोकं चॅनेलच्या त्याच कडेवर, त्याच उंचीवर बांधा आणि ताणून धरा. मधोमध दोऱ्या एकमेकींना हलक्या टेकल्या पाहिजेत. फट राहिली तर चेसिस पिळलंय. फटीच्या दुप्पट मापाने एक कोपरा बाकीच्या तिघांच्या पातळीतून वर किंवा खाली गेलाय असं समजा.

वरची दोरी खालचीला दाबत असेल तर फट दिसणारच नाही. म्हणून एकदा वरची दोरी खाली आणि खालची वर घेऊन पुन्हा बघा.

या चाचणीची गंमत अशी, की पाटा बसल्यामुळे ट्रॉली झुकली असेल तर चेसिस सगळं मिळून झुकतं, पिळत नाही, आणि दोऱ्या टेकलेल्याच राहतात. म्हणजे पाट्याचा दोष आणि चेसिसचा दोष इथे वेगळे होतात. हलक्या चॅनेलची ट्रॉली मात्र वाकड्या पाट्यांवर उभी असताना तात्पुरती पिळलेली दिसू शकते. शंका आली तर चेसिस चार घोड्यांवर लेव्हलमध्ये घेऊन पुन्हा दोऱ्या लावा.

त्याच वेळी दोन्ही कर्णांची लांबी टेपने मोजा. लांबी सारखी नसेल तर चेसिस गुण्यात (काटकोनात) नाही, एका बाजूला ओढलं गेलंय. मागून धडक बसलेल्या किंवा चरात अडकून ओढून काढलेल्या ट्रॉल्यांत हे दिसतं.

९. बांधणीची प्रत

आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॉल्या स्थानिक वर्कशॉपमध्ये बनलेल्या असतात. यातल्या काही कंपनीच्या मालाला लाजवतील अशा आहेत आणि काही नुसत्या रंगावर उभ्या आहेत. नावावर जाऊ नका, जोड बघा.

चांगला वेल्ड सलग आणि एकसारख्या लाटांचा असतो आणि दोन्ही लोखंडांत मुरलेला दिसतो. वाईट वेल्ड वर गोळे होऊन बसतो, कडेला चर सोडतो किंवा त्यात सुईएवढी छिद्रं असतात. तीन जागा सोडू नका: हँगर चॅनेलला जिथे जोडलाय ती, दांडी चेसिसला मिळते ती, आणि हायड्रॉलिक असेल तर जॅकची व मागच्या बिजागरीची बैठक. भेग पहिल्यांदा इथेच येते.

मुख्य चॅनेलच्या खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड मारलेला दिसला तर थांबा. सगळा ताण त्या खालच्या पट्टीवर येतो आणि आडव्या वेल्डपासून भेग सुरू होते. भेगेवर लांबुडकी पट्टी मारून, तिची टोकं निमुळती करून, बाजूने वेल्ड केला असेल तर मिस्त्री जाणता होता. चौकोनी तुकडा चिकटवून चारही बाजूंनी फिरवून वेल्ड केला असेल तर त्या तुकड्याच्या कडेला दुसरी भेग शोधा.

शंका असलेल्या जोडावर साधी चाचणी: ब्रशने रंग-गंज काढा, बोळ्याने डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्या, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि वरून खडूची पूड चोळा. भेग असेल तर आत शिरलेलं डिझेल पुडीवर काळपट रेघ उमटवत बाहेर येतं. त्या जागी पूर्ण पुसून कोरडं झाल्याशिवाय वेल्डिंग किंवा बिडी, दोन्ही नको.

चॅनेलची जाडी कडेला मोजा, दोन्ही बाजूंना आणि दोन-तीन जागी. एक चॅनेल दुसऱ्यापेक्षा पातळ निघाला तर तो नंतर बदललेला आहे. आता रिकामी ट्रॉली वजनकाट्यावर घ्या आणि वहीतलं आरसीचं वजन काढा. काट्यावर बरंच जास्त भरलं तर पट्ट्यांवर पट्ट्या मारल्यात. बरंच कमी भरलं तर मूळ लोखंड काढून हलकं घातलंय. दोन्ही बाबतींत "का" हे विकणाऱ्याने सांगायला हवं.

१०. भार टाकून पुन्हा मोजणी

रिकाम्या ट्रॉलीचा सौदा करू नका. हंगाम नसला तरी मुरूम, वाळू किंवा विटा मिळतात. ट्रॉली निम्मी भरा, भार मधोमध आणि सारखा पसरवा, आणि टप्पा ५ ची मापं पुन्हा घ्या. मुरूम लोडरने एका बाजूने ओतला असेल तर आधी फावड्याने सारखा करा, नाहीतर माप भाराचं येईल, ट्रॉलीचं नाही.

रिकामी असताना होता तेवढाच फरक भरल्यावर राहिला तर हँगर, पॅकिंग किंवा चेसिस यांचा दोष. फरक वाढला तर पाटा कमजोर किंवा मोडलेला. रिकामी सरळ आणि भरल्यावर झुकते, तर पाट्यांची जोडी जुळत नाही. विकणारा नेमकं हेच लपवतो, कारण रिकाम्या ट्रॉलीत ते दिसत नाही.

भरलेली ट्रॉली चार-पाच किलोमीटर चालवा, थांबून प्रत्येक हबजवळ उलटा हात न्या. एक हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्याचं बेअरिंग उघडायचं. साताऱ्याच्या बाजूला, कोरेगाव, वाई, पाटणकडे, चढ-उताराचा रस्ता मिळेल तर उतारावर बघा. ट्रॉली ट्रॅक्टरला बाजूला ढकलते का, हे सपाट रस्त्यावर कळत नाही.

११. घ्यायची की सोडायची

टायर, बुश, पिन, बेअरिंग, सेंटर बोल्ट, यू बोल्ट, पाट्यांची जोडी: हे सगळं बदलता येतं. कमानपाटेवाल्याकडून आणि मिस्त्रीकडून आधी अंदाज घ्या आणि तो विकणाऱ्यासमोर वजा करा. वाकलेला हँगर किंवा टर्न टेबलची रिंग असेल तरी घेता येते, दर पडला तर.

जोड मारलेला एक्सल असेल तर नव्या एक्सलची पूर्ण किंमत धरून बोला. पिळलेलं चेसिस, आतून कुजलेला बंद चॅनेल आणि नंबराचा घोळ, या तिघांना मी स्वस्तातही हात लावणार नाही.

१२. घेतल्यावर दुरुस्ती, वरून खाली

आधी चेसिस सरळ आणि भेगांची दुरुस्ती, मग हँगर एका रेषेत, मग पाटे जोडीने, मग एक्सल गुण्यात बसवणं, मग बेअरिंग, शेवटी टायर. पाटे आधी टाकून नंतर हँगर सरळ केला तर पाटे पुन्हा उतरवावे लागतात आणि मजुरी दोनदा जाते.

वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावायला सांगा. चिमटा चाकाला किंवा हबला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि नवं बेअरिंग डागाळतं. मिस्त्री घाईत असला की हे हमखास विसरतो.

पाटे उतरवलेच आहेत तर यू बोल्ट नवे घ्या, जुने पुन्हा वापरू नका. चारही नट एकाआड एक, तिरप्या क्रमाने, थोडे थोडे आवळा. पहिली भरलेली खेप टाकून आल्यावर ते पुन्हा आवळावे लागतात, कारण पाटे भाराखाली एकमेकांवर बसतात आणि पकड सैल होते. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर आणखी एकदा पाना लावा आणि अ, ब, क पुन्हा मोजून वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा.